ऊसतोड टोळ्यांच्या मुलांसाठी लसीकरणाची फिरती गाडी : एका हंगामाच्या नोंदी

दिवाळीनंतर कृष्णाकाठच्या आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बहुतेक बीड जिल्ह्यातल्या, आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणीकडच्या, थोड्या पाथर्डीच्या. चार-पाच महिने कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, राहतात. मुलं बरोबर असतात, लसीचं कार्ड गावाकडं असतं, आणि इथल्या आशाताईंच्या घरयादीत त्यांचं नाव नसतं.

मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. औषधपाण्यातलं मला काही कळत नव्हतं, आजही फार कळतं असं नाही. लस प्राथमिक आरोग्य केंद्राची, टोचायचं काम उपकेंद्राच्या सिस्टरचं. गाडी जमवणं, वही लिहिणं आणि फोन करणं माझ्याकडं. पुढच्या हंगामात कुणी हे करणार असेल तर आम्ही जिथं आपटलो तिथं त्यांनी आपटू नये, म्हणून वही उतरवून काढतोय. खर्चासकट.

२६ नोव्हेंबर

मोजणी संपली. दोन दिवस मोटरसायकलवर फिरून ९ टोळ्या सापडल्या. पाच वर्षांखालची ६४ मुलं, ७ गरोदर बायका. कोयते (तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) मोजणं सोपं, टोळीचा मुकादम तोंडपाठ सांगतो. मुलांचं वय काढणं अवघड. जन्मतारीख विचारली की उत्तर येतं, "मागचा पट्टा पडला तवा झाली." म्हणजे कारखाना बंद झाला तेव्हा, मार्च-एप्रिल. दुसरी म्हणाली, "उचल (कामाआधीचे आगाऊ पैसे) घेतली त्या महिन्यात." मी आधी तारखेचा रकाना रिकामा सोडत होतो. दुसऱ्या दिवशी शहाणा झालो आणि त्या जे बोलल्या तेच लिहून घेतलं, महिना घरी बसून काढला.

वही गावाप्रमाणं लावली: अमुक गाव, अमुक मळा, इतक्या कोप्या. ही चूक आहे हे जानेवारीत कळलं. तेव्हा सांगतो.

३ डिसेंबर

पहिली फेरी. एका ट्रस्टनं मोठी व्हॅन वापरायला दिली. आत टेबल, बाकडं, टपावर भोंगा, बाजूला बॅनर. मी तर खूश. सकाळी ११ ला पोहोचलो. गाडी वेळेवर, प्रवासीच नाहीत.

कोप्यांसमोर दोन म्हाताऱ्या, एक कुत्रं आणि आठ-नऊ वर्षांची एक मुलगी. तिच्या कडेवर एक भाऊ, दुसरा पायाशी. आई-बाप पहाटे चारलाच फडात गेलेले. मुलगी म्हणाली, "आई आल्यावर या." सिस्टर म्हणाल्या, बरोबर बोलतेय ती. तिच्या भरवशावर टोचता येत नाही, आणि आधी काय दिलंय ते तिला माहीत असायचं कारण नाही. भोंगा लावला तर पोरं उसात पळाली. दुपारी दोनपर्यंत थांबून तीन मुलं मिळाली, तीही आई आजारी म्हणून घरी होती अशा दोन कोप्यांतली.

परतताना पाणंदीत उसाचं पाणी फुटलेलं. व्हॅनचं मागचं चाक निम्मं बसलं. अडीच तास गेले, शेवटी ट्रॅक्टरनं ओढली.

डिझेल १,४५०, चालक ८००, ट्रॅक्टर ५००. एकूण २,७५० रुपयांत ३ मुलं. व्हॅन परत केली. तिच्यात असं काहीच नव्हतं जे जीपच्या मागच्या सीटवर मावत नाही. लसीची पेटी, सुया, हब कटर (वापरलेली सुई कापायचं यंत्र), कचऱ्याच्या लाल-काळ्या पिशव्या, रजिस्टर, एक घडीचं टेबल. झालं सामान.

६ डिसेंबर

ती माणसं पहाटे चारला जातात ना, मग आपण त्याआधी जाऊ. कल्पना माझीच, खापर कुणावर फोडणार!

पहाटेच्या अंधारात आरोग्य केंद्रातून निघालो. रात्रपाळीच्या सिस्टरनी डीप फ्रीजरमधून बर्फाचे चार पॅक काढून दिले, मी ते घाईघाईनं तसेच लसीच्या पेटीच्या (कॅरिअरच्या) चारी बाजूंना बसवले, मध्ये कुप्यांची पिशवी, झाकण, पट्टा. कडाक्याची थंडी. कोप्यांवर पोहोचल्यावर आमच्या सिस्टरनी पेटी उघडली, पेंटाची (पाच रोगांवरच्या एकत्र लसीची) कुपी हलवून बॅटरीच्या उजेडात धरली आणि काही न बोलता माझ्यासमोर केली. दुधासारखं सारखं पांढरं दिसायला हवं तिथं आत बारीक कण तरंगत होते, आणि धरून ठेवली तर भराभर तळाशी बसत होते. लस गोठून गेली होती.

मला वाटायचं लस जितकी गार तितकी चांगली. तसं नाही. तिला २ ते ८ अंशच हवेत. पोलिओचे थेंब आणि गोवर-रुबेलाची पावडर गोठली तर चालतं, पण पेंटा, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प), हिपॅटायटिस बी, पीसीव्ही (न्यूमोनियाची), आयपीव्ही (पोलिओची सुई) ही मंडळी एकदा गोठली की कामातून गेली. परत पातळ झाली तरी उपयोग नाही. वर कुपीवर एक चौकोन असतो (व्हीव्हीएम), उष्णता लागली की गडद होणारा, तो फक्त उष्णता लागली का ते सांगतो. गोठली का, हे तो सांगत नाही. आमच्या कुप्यांवरचा चौकोन अगदी पांढराफेक होता!

पेंटाच्या ३ आणि टीडीची १ कुपी बाद. फेरी तिथंच संपली. तसंही कुणी थांबणार नव्हतंच: बायका भाकरी फडक्यात बांधून निघालेल्या, आणि टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवावं लागतं. पहाटेच्या वेळापत्रकात तो अर्धा तास कुठून आणणार?

दुरुस्ती: पॅक फ्रीजरमधून काढून टेबलावर ठेवायचे. वर घाम सुटला पाहिजे आणि कानाशी धरून हलवला की आत पाणी डुचमळलेलं ऐकू आलं पाहिजे, तोवर कॅरिअरला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात हे लवकर होतं, डिसेंबरच्या गारठ्यात मला तासाच्या वर लागला. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं, कानच लावतो.

१० डिसेंबर

संध्याकाळ धरली. साडेपाच ते साडेसात. माणसं फडातून आलेली असतात, चुली पेटतात, आणि आठला सगळे झोपतात. दोन तासांची खिडकी. स्वयंपाक होईपर्यंत अर्धा तास थांबणं आपोआप होतं.

निघायच्या आधीच एक भांडण. उघडलेली कुपी त्याच दिवशी परत फ्रीजमध्ये (आयएलआर म्हणतात) जायला हवी, तरच पेंटा, टीडी, पोलिओ यांची उरलेली कुपी पुढं २८ दिवसांपर्यंत वापरता येते. आम्ही परतणार रात्री नऊला. औषधनिर्माते साहेब सहाला कुलूप लावून घरी. त्यांचं म्हणणं, रात्री किल्ली कुणाच्या हाती देणार, तापमानाच्या नोंदीची जबाबदारी माझी. चुकीचं नव्हतं. चार दिवस आधी गोठवलेल्या कुप्या मीच परत आणल्या होत्या. शेवटी डॉक्टरांनी तोडगा काढला: बाळंतपणासाठी रात्रपाळीला सिस्टर असतातच, किल्ली त्यांच्याकडं, एक वेगळं रजिस्टर, देणाऱ्याची-घेणाऱ्याची सही आणि त्या वेळचं तापमान. या एका सहीशिवाय संध्याकाळची गाडी चालत नाही. तुम्ही सुरुवात इथून करा, गाडी नंतर शोधा.

दुसरी अडचण उजेडाची. कोपीतल्या पिवळ्या दिव्यात व्हीव्हीएमचा चौकोन गडद वाटायला लागला. सिस्टर म्हणाल्या, चांगली कुपी फेकायला लावेल हा दिवा, नाहीतर वाईट वापरायला. जीपच्या हेडलाइटसमोर जाऊन बघितलं, ठीक होती. शिवाय आयपीव्ही कातडीत द्यायची, ०.१ मिली, सुई जवळजवळ आडवी. टोचल्यावर मसुराएवढा फुगवटा दिसला पाहिजे. तो दिसायला उजेड लागतो. दुसऱ्या दिवशी पांढरे चार्जिंगचे दोन दिवे घेतले, १,२४०.

हब कटर मी घरी विसरलो होतो. सिस्टरनी त्याशिवाय सुई काढायला नकार दिला. परत जाऊन यायला ४० मिनिटं. आता पेटीच्या झाकणावर यादी चिकटवली आहे.

तरीही ९ मुलं झाली. दीड महिन्याच्या बाळाला दोन तोंडानं आणि तीन सुया, हे बघून त्याची आजी माझ्यावरच धावून आली, "येकाच दमात तीन?" सिस्टरनी तिला शेजारी बसवलं, डाव्या मांडीत काय, उजव्या मांडीत काय, दंडात काय, एकेक सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या सुईच्या वेळी स्वतःच बाळाचा हात धरला.

१४ डिसेंबर

मुकादमाचा फोन. भयंकर चिडलेला. दहा तारखेच्या नऊपैकी चार पोरं रात्री तापली, सकाळी तीन बाया फडात गेल्या नाहीत. बाई गेली नाही की कोयता अर्धा. एक जण तोडतो, मोळी बांधायला कुणी नाही, खाडा पडतो. "तुमची लस फुकट हाय सायेब, पर आमाला ती फुकट पडत न्हाई."

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो हे सिस्टरनी सगळ्यांना सांगितलं होतं, पॅरासिटॅमॉलही दिली होती. पण उद्या कामाला जायचं आहे की नाही, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच मुकादमाला विचारलं, मग कधी येऊ? म्हणाला, खर्चीच्या (टोळीला घरखर्चाचे पैसे वाटतात त्या दिवसाच्या) आदल्या दिवशी. खर्ची वाटली की लोक बाजाराला जातात, तो दिवस निम्मा तरी घरी असतो. प्रत्येक टोळीचा खर्चीचा दिवस वेगळा. नऊ मुकादमांना फोन करून ते लिहून घेतले आणि त्यावर फेऱ्यांचं वेळापत्रक बांधलं. यापेक्षा मोठा फरक पूर्ण हंगामात दुसऱ्या कशानं पडला नाही.

गोवर-रुबेलाचं उलटं आहे. दुसऱ्या दिवशी काही होत नाही, आठवड्या-दीड आठवड्यानं एखाद्या मुलाला हलका ताप किंवा पुरळ येतं. तोवर टोळी आम्हाला विसरलेली असते आणि बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावते. म्हणून ते आता वेगळं सांगतो, आणि आठव्या दिवशी फोन करतो.

२० डिसेंबर

कार्डांचा दिवस. यादीतल्या ६४ पैकी ११ जणांचं माता-बाल संरक्षण कार्ड इथं होतं. बाकीची गावाकडं पेटीत, पत्र्याच्या डब्यात, "सासूकडं". तीन संध्याकाळी नुसते फोन केले. गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडं साधा फोन, मग शेजारचं कॉलेजचं पोरगं शोधायचं, त्याच्याकडून फोटो मागवायचा. पहिला फोटो आला तो कार्डाच्या मुखपृष्ठाचा, आई-बाळाचं चित्र एकदम स्पष्ट. आता मी सांगतो, तारखा लिहिलेलं पान, उन्हात धरून, आडवा फोटो.

२९ कार्डं अशी मिळाली. चार मुलं यू-विनमध्ये (सरकारच्या ऑनलाइन लस-नोंदणीत) आईच्या मोबाइल नंबरवर सापडली. उरलेल्यांचं काय? सिस्टरचा नियम: नोंद नाही आणि आईलाही आठवत नाही, तर दिली नाही असं धरायचं. पोलिओचा किंवा गोवर-रुबेलाचा एखादा डोस जादा झाल्यानं अपाय होत नाही, राहून गेला तर होतो. बीसीजीसाठी (क्षयाच्या लसीसाठी) डाव्या दंडावरचा वण बघतात.

नवं कार्ड दिलं की त्याचा फोटो आईच्या आणि बापाच्या, दोघांच्याही फोनमध्ये. कार्डाला प्लॅस्टिकची पिशवी. कोपी पाचटाची, दव आत येतं.

२ जानेवारी

माझ्या यादीत एक मुलगा "पेंटा १ बाकी". वय १४ महिने. मी मोठ्या तोऱ्यात नाव पुकारलं, सिस्टरनी यादी हातातून घेतली. वर्षाच्या आत पेंटाचा एकही डोस झाला नसेल तर वर्षानंतर पेंटा सुरू करत नाहीत, डीपीटी देतात. डीपीटी त्या दिवशी मी मागवलीच नव्हती. त्याला गोवर-रुबेला आणि पोलिओ दिले, डीपीटी पुढच्या फेरीवर गेली. म्हणजे त्याच्या आईच्या आणखी एका संध्याकाळचं नुकसान माझ्या यादीमुळं. यादी आता सिस्टर तपासल्याशिवाय केंद्रात जात नाही.

त्याच मुलावरून केंद्रात बोलणी खाल्ली. त्या संध्याकाळी गोवर-रुबेलाचं तेच एक मूल. पावडरची कुपी एकदा द्रावण घालून उघडली की ४ तासांत संपवायची, उरलेली टाकायची. पाच डोसांच्या कुपीतले चार गेले. मी खरं तर सिस्टरना म्हणालो होतो, पुढच्या वेळी दोन-तीन मुलं जमवून देऊ. त्यांनी ऐकलं नाही. एक मूल असलं तरी कुपी उघडायची हाच नियम आहे, म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी हे इथं असेल याची हमी तुम्ही देता का काका?

१२ जानेवारी

हमी देता आली नसतीच. दहा डिसेंबरच्या टोळीकडं दुसऱ्या डोससाठी गेलो. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, ते झाले होते. मळ्यात उसाची खोडकी, विझलेल्या चुली, एक तुटकी बादली. टोळी आठ दिवसांपूर्वी उठून गेली. कुठं? शेतमालक म्हणाला, कारखाना सांगेल तिकडं.

इथं ती गावाप्रमाणं लावलेली वही कामातून गेली. टोळी मळ्याची नसते, मुकादमाची असते. रात्री बसून सगळी वही नव्यानं लिहिली: मुकादम, त्याचा नंबर, वाहनाचा नंबर, मग मुलं. मळ्याचं नाव पेन्सिलनं.

मुकादमाचा फोन लागेना म्हणून कारखान्याच्या चिटबॉयला गाठलं. तोडीच्या चिठ्ठ्या तो देतो, उद्या कुठल्या टोळीचा कोयता कुठल्या गटात पडणार हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. टोळी १८ किलोमीटरवर निघाली, दुसऱ्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत. तिथल्या डॉक्टरांना आमच्या डॉक्टरांनी फोन केला, तिकडच्या सिस्टर आमच्या जीपमध्ये बसल्या. नऊपैकी आठ मुलं मिळाली. चिटबॉयनं बदल्यात काही मागितलं नाही, फक्त स्वतःच्या पोरीचा पाच वर्षांचा डीपीटी राहिला होता तो आठवला.

२८ जानेवारी

११ मुलं, २ गरोदर बायकांना टीडी. काही बिघडलं नाही. असाही दिवस नोंदवावा.

१५ फेब्रुवारी

कारखान्यात बिघाड, दोन दिवस गाळप बंद. सगळ्या टोळ्या दिवसाढवळ्या घरी, आया मुलांना न्हाऊ घालताहेत. हंगामात असा दिवस मागून मिळत नाही. आणि आमच्या सिस्टर तालुक्याला प्रशिक्षणाला! दुसऱ्या उपकेंद्राच्या सिस्टरना विचारलं, त्यांचं स्वतःचं सत्र. मी जीप घेऊन कोप्यांपुढं नुसता चहा पिऊन आलो. भाडं १,१०० गेलंच.

पुढच्या हंगामात बदली सिस्टरचं नाव आधीपासून कागदावर हवं.

२४ मार्च

पट्टा पडला. काल रात्री शेवटच्या दोन टोळ्या ट्रकमध्ये भांडी, बाजा, कोंबड्या घालून गेल्या.

हिशेब. व्हॅन २,७५०. जीप १३ फेऱ्या, १,१०० प्रमाणं १४,३००, यात पहाटेची वाया गेलेली आणि फेब्रुवारीतली चहाची फेरी धरून. दिवे १,२४०. वह्या, झेरॉक्स, पिशव्या ६१०. फोन रिचार्ज ५९८. एकूण १९,४९८. गल्लीतल्या मंडळानं १५,००० दिले, वरचे माझे. लस, सुया, सिस्टर यांचे पैसे यात नाहीत, ते सरकारी.

६४ पैकी ४१ मुलांच्या वयाप्रमाणं सगळ्या लसी झाल्या. १४ अर्धवट. ९ हातातून गेली, त्यातली सहा एकाच टोळीची, ती जानेवारीत कर्नाटकात गेली ती गेलीच.

अर्धवट राहिलेल्या १४ जणांची यादी गावाप्रमाणं (इथं मात्र गावाप्रमाणंच) काढून त्यांच्या त्यांच्या आरोग्य केंद्रांना पाठवली. नुसती यादी पाठवून काही होत नाही हे एसटीतल्या अनुभवावरून सांगतो, म्हणून तिथल्या आशाताईंचे नंबर मुलांच्या आयांकडून घेऊन एकेकीला फोन केला. आठ जणींनी उचलला. आष्टीकडच्या एका ताईंनी तर उलट मलाच झापलं, तीन वर्षं हे घर माझ्या यादीत "कुलूपबंद" दिसतंय, तुम्ही आता सांगताय होय?

कर्नाटकात गेलेल्या टोळीच्या मुकादमाचा फोन बंदच आहे. चिटबॉय म्हणाला, पुढच्या हंगामाचा करार करायला तो पावसाळ्यात कारखान्यावर येतोच, तेव्हा धरू. त्या सहा मुलांची कार्डं वहीच्या कव्हरमध्ये ठेवली आहेत.